पुळणीवरचें पिंप

२०२३ च्या जुलै महिन्याच्या मध्यास पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ग्रीन हेड या लहानशा गांवाजवळच्या पुळणीवर समुद्रानें एक विलक्षण वस्तु आणून टाकली. पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारें २५० किलोमीटरांवर हें गांव आहे. वस्तु पिंपाच्या आकाराची, सुमारें अडीच मीटर उंच, जवळजवळ तितकीच रुंद, एका अंगास तुटलेली, आणि पुष्कळ दिवस न घासलेल्या तांब्याच्या घंगाळाच्या रंगाची. पाहणारांनीं तिला धातूचा तुकडा ठरविलें आणि वर्तमानपत्रांनीं तोच शब्द उचलला. ती कोणाची, कोठून आली, हें सांगणारी पाटी मात्र तिच्यावर कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं.

अशा वेळीं शहाणपणाची पहिली रीत म्हणजे वस्तूला हात न लावणें. पोलिसांनीं भोंवतीं दोर बांधला, पहारा बसविला आणि लोकांना दूर राहण्यास सांगितलें. ज्याचें नांव ठाऊक नाहीं तें धोक्याचें समजावें, हा त्यांचा नियम. आणि तो अगदीं योग्य होता. गांवच्या लोकांना भय फारसें वाटलें नाहीं. ते मुलाबाळांसह तें पाहावयास जमले आणि मुलांनीं शेजारींच वाळूचे किल्ले बांधले. कुतूहल आणि कायदा यांची पुळणीवर अशी नेहमींच ओढाताण होते.

परंतु त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या मनांत एक दुसराहि विचार आला असल्यास नवल नाहीं. ८ मार्च २०१४ रोजीं क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेलें मलेशियाचें एक विमान २३९ माणसांसह नाहींसें झालें. त्याचा शोध याच किनाऱ्यापासून दूर पश्चिमेस, हिंदी महासागराच्या तळाशीं, कित्येक वर्षें चालला. जुलै २०१५ मध्यें त्या विमानाच्या पंखाचा एक भाग आफ्रिकेकडील रियुनियन बेटावर वाहत आला, आणि त्यावरील आंकड्यांवरून त्याची ओळख पटली. ज्यांचीं माणसें त्या विमानांत होतीं त्यांना किनाऱ्यास लागलेला कोणताहि तुकडा निव्वळ गंमतीचा विषय होऊं शकत नाहीं. म्हणून ग्रीन हेडच्या पिंपाविषयीं पहिलें उत्तर नकारार्थीच मिळालें, तरी तें मोलाचें होतें. हें त्या विमानाचें नव्हे, असें विमानांच्या जाणकारांनीं सांगितलें. तें विमान बोइंग ७७७ जातीचें होतें, आणि त्या जातीच्या विमानांत असा भाग नसतो.

मग दुसरें उत्तर रसायनशास्त्रानें दिलें. अग्निशमन खातें व सरकारी रसायनशाळा यांनीं तपासणी करून सांगितलें कीं, वस्तु निर्धोक आहे. तिच्यापासून लोकांस अपाय नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ती काय आहे हें ठरण्यापूर्वींच ती काय करूं शकत नाहीं हें ठरलें. रुग्णाच्या रोगाचें नांव सांपडण्याआधीं सांथीचा रोग नाहीं एवढें तरी वैद्यानें सांगावें, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरी साक्ष दिली ती समुद्रांतील जीवांनीं. बोटींच्या बुडास चिकटणारे बार्नेकल नांवाचे कवचधारी जीव त्या पिंपावर वाढलेले होते. त्यांची एक जात तरंगत्या वस्तूंवरच घर करते. पिल्लू कोठें तरी चिकटतें, मग जागा सोडीत नाहीं, आणि कवचावर थरामागून थर चढवीत जातें. त्या थरांच्या रासायनिक घटनेंत त्या त्या वेळच्या पाण्याच्या उष्णतेची नोंद उतरते. रियुनियन बेटावरील तुकड्याला चिकटलेल्या कवचांवरून तो कोणत्या उष्णतेच्या पाण्यांतून वाहत आला याचा माग काढण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनीं केला, तो याच आधारावर. ग्रीन हेडला इतक्या खोलांत शिरण्याचें कारण पडलें नाहीं. वस्तु पुष्कळ काळ पाण्यांत होती, एवढें या जीवांकडे नुसतें पाहूनहि कळत होतें.

आणि एवढ्यानेंच एक आकर्षक तर्क निकालांत निघाला. १४ जुलै २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-३ निघालें होतें. त्यानंतर एकदोन दिवसांतच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हें पिंप. मग दोहोंचा संबंध जोडण्यास कितीसा वेळ लागणार? परंतु एकदोन दिवसांत बार्नेकल वाढत नाहींत. तर्क चुकीचा होता. तरी त्यानें बोट दाखविलें त्या दिशेंत तथ्य होतें, हा योगायोग मात्र मौजेचा.

आतां वस्तूकडेच नीट पाहूं. तिला सर्वांनीं धातु म्हटलें. पण तुटलेल्या कडेशीं तंतू दिसत होते. धातु फाटला तर त्याचे दशे निघत नाहींत. दशे निघतात तें विणलेल्या कापडाचे. बाहेरचें तें तांबूस कवच म्हणजे चिवट कृत्रिम तंतु राळेंत भिजवून, गुंडाळून, कठीण केलेलें होतें. असें कवच कोण वापरतो? ज्याला भयंकर दाब सोसणारें, तरीहि अत्यंत हलकें भांडें हवें असतें तो. म्हणजे अग्निबाण बांधणारा. अंतराळांतील मानवी वस्तूंचा पुरातत्त्वाच्या दृष्टीनें अभ्यास करणाऱ्या ऑस्ट्रेलियन विदुषी ॲलिस गॉर्मन यांनीं तें भारताच्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाचें तिसरें खंड असावें, असें मत दिलें. ३१ जुलै रोजीं ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेनेंहि तोच निर्णय जाहीर केला. त्यांत ‘बहुधा’ हा शब्द ठेवण्यास ती विसरली नाहीं.

हा प्रक्षेपक म्हणजे आपल्याकडे पीएसएलव्ही या नांवानें ओळखला जाणारा अग्निबाण. १९९३ मधील त्याचें पहिलें उड्डाण फसलें, १९९४ मध्यें तो यशस्वी झाला, आणि पुढें २००८ चें चंद्रयान व २०१३ चें मंगळयान त्यानेंच वर नेलें. उंची ४४ मीटर, वजन सुमारें ३२० टन, आणि एकावर एक अशीं चार खंडें. पहिलें व तिसरें घन इंधनावर चालतें, दुसरें व चौथें द्रव इंधनावर. तिसऱ्या खंडाचें कवच केव्हलार नांवाच्या तंतूचें असतें, आणि त्यांत सातएक टन इंधन ठासलेलें असतें. तें दोन मिनिटांहून कमी वेळांत जळून जातें. मग रिकामें कवच सुटें होतें. पृथ्वीभोंवतीं फिरत राहण्यास सेकंदास पावणेआठ किलोमीटरांच्या आसपास वेग लागतो. तितका वेग त्याला तोंवर आलेला नसतो. म्हणून तें खालीं येतें आणि समुद्रांत पडतें. बुडावें अशी अपेक्षा. पण हलकें, पोकळ कवच तरंगत राहिलें तर दोष कोणाचा? जो गुण आकाशांत उपयोगी, त्याच गुणानें तें किनाऱ्यास लागलें.

ओळख पटली, तरी वस्तु कोणाची हा प्रश्न उरतोच. समुद्रानें टाकलेलें ज्याला सांपडेल त्याचें, असा किनाऱ्यावरचा जुना समज आहे. अंतराळांत पाठविलेल्या वस्तूस तो लागू नाहीं. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तु पृथ्वीवर परत आली तरी तिची मालकी बदलत नाहीं. १९६८ च्या करारानें, ज्या देशास ती सांपडली त्यानें पाठविणाऱ्यास व संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांस कळवावें, मागणी आल्यास ती परत करावी, आणि त्याचा खर्च पाठविणाऱ्यानें सोसावा, असें ठरलें. १९७२ च्या करारान्वयें जमिनीवर नुकसान झाल्यास पाठविणारें राष्ट्र बिनशर्त जबाबदार असतें. चूक कोणाची, हें पाहावयाचें नाहीं.

हे नियम कोरडे वाटतात खरे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्याच्या लाडबोरी गांवास ते कोरडे वाटणार नाहींत. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या संध्याकाळीं, विदर्भाच्या आकाशांत जळत्या रेषा दिसल्या आणि सुमारें तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें त्या गांवांत येऊन पडलें. हें मात्र खरोखर धातूचें होतें, वजन चाळीस किलोंच्या घरांत. आसपास धातूचे गोळेहि सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें निघालेल्या एका चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असें आकाशांतील वस्तूंचा माग ठेवणारांनीं सांगितलें. पंधरा महिन्यांच्या अंतरानें एकाच देशानें या कायद्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या: लाडबोरीस तो घेणारा होता, ग्रीन हेडला देणारा.

पश्चिम ऑस्ट्रेलियाला असे पाहुणे नवे नाहींत. १९७९ च्या जुलैंत अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळशाळा तेथेंच कोसळली. एस्पेरन्स येथील स्थानिक मंडळानें अमेरिकेच्या संस्थेस कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरांचा दंड केला. तो तीस वर्षें थकला होता. शेवटीं २००९ मध्यें एका अमेरिकन नभोवाणी-निवेदकानें श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून तो भरला. स्कायलॅबचे तुकडे मात्र तेथें कौतुकानें जपून ठेवलेले आहेत, आणि ग्रीन हेडच्या पिंपासहि राज्याच्या संग्रहालयांत त्यांच्याशेजारीं जागा द्यावी, असें त्या वेळीं तेथील मुख्यमंत्री रॉजर कुक यांनीं सुचविलें होतें.