किल्ल्यातील ग्रंथ आणि वस्तीतील विहार

(बुद्ध पौर्णिमेनिमित्त अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



नगरचा भुईकोट किल्ला म्हटला की आपल्याला चांदबिबी आठवते आणि पंडित नेहरूंनी तेथे लिहिलेला ‘भारताचा शोध’ आठवतो. परंतु १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्या किल्ल्यात स्थानबद्ध झालेल्या बारा नेत्यांत आचार्य नरेंद्र देवही होते, याचे स्मरण फारसे कोणी ठेवत नाही. ते समाजवादी होते. त्यांचा राजकीय मार्ग आपला नव्हे. पण पाली आणि संस्कृतचा हा प्रकांड पंडित, दम्याचा विकार सोसत, याच किल्ल्यात वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे हिंदी भाषांतर करीत होता. आणि ते कशावरून? बेल्जियन विद्वान पुसँ यांच्या फ्रेंच अनुवादावरून! ग्रंथ भारताचा, भाषा संस्कृत. परंतु आपल्याकडे तो पूर्णरूपाने उरलाच नव्हता. चीन आणि तिबेटने तो अनुवादरूपाने जतन केला, तेथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून नगरच्या बंदिवासात हिंदीत परतला. भाष्याची मूळ संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात सापडली, तीही तिबेटातील मठात. घरातील ठेवा शेजाऱ्याने सांभाळावा आणि आपण मात्र त्याचे केवळ नाव घ्यावे, ही स्थिती मला अस्वस्थ करते. म्हणूनच आजचा विषय.

भगवान बुद्धांचा जन्म लुंबिनीचा, शाक्यांच्या गणराज्यातला. एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. रोगी, वृद्ध, मृत आणि संन्यासी पाहून वैराग्य आले, ही कथा आपण शाळेत वाचली आहे. धर्मानंद कोसंबी यांनी मात्र या कथेची चिकित्सा केली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या कलहाकडे लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच संघर्ष आहे. पाली परंपरा याच नदीची आणखी एक कथा सांगते. पाण्यासाठी शस्त्रे उपसलेल्या दोन्ही पक्षांमध्ये बुद्ध उभे राहिले आणि पाणी मोलाचे की माणसांचे रक्त, असे त्यांनी विचारले. भंडारदरा, मुळा आणि जायकवाडीच्या पाण्यावरून दरवर्षी तापणाऱ्या जिल्ह्याला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागू नये.

सहा वर्षांच्या कठोर तपानंतर देहदंड व्यर्थ आहे, असे त्यांना उमगले. बोधगयेला ज्ञानप्राप्ती झाली, सारनाथला पहिला उपदेश झाला, पुढे पंचेचाळीस वर्षे चारिका झाली आणि ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला महापरिनिर्वाण. उपदेशाचे सार चार आर्यसत्यांत आहे: दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्या निरोधाचा मार्ग आहे. कारण तृष्णा, मार्ग अष्टांगिक. वैद्य रोग ओळखतो, निदान करतो आणि उपचार सांगतो, तशीच ही रीत आहे.

याच्या मुळाशी प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आहे. उसाचे पीक केवळ बेण्यातून येत नाही. जमीन, पाणी, ऊन, खत आणि शेतकऱ्याचे हात एकत्र यावे लागतात, यातले काही खुंटले की पीक खुंटते. जगातील प्रत्येक वस्तू अशीच कारणांच्या आधाराने उभी आहे आणि म्हणून अनित्य आहे. माणसाच्या आतही स्थिर, नित्य असा आत्मा नाही, असे बुद्ध सांगतात. येथे वेदान्ताशी त्यांचा मतभेद मूलभूत आहे आणि शंकराचार्यांनी बौद्ध मतांचे खंडन केले ते उगीच नव्हे. ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून हा भेद पुसणे सोपे असते, पण तो दोन्ही दर्शनांवर अन्याय ठरतो.

हा धर्म महाराष्ट्रात केवळ भिक्षूंनी वाढवला नाही. नाणेघाटातून जुन्नरमार्गे पैठणला जाणारा व्यापारी मार्ग आपल्याच जिल्ह्याची भूमी ओलांडत असे. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. दाते म्हणून यवनांचीही नावे येतात. आळेफाट्यावरून आपण शेकडो वेळा जातो. एकदा वाट वाकडी करून ती लेणी पाहावीत.

आता अवघड भाग. आपण बुद्धाला दशावतारांत नववे स्थान दिले. महाराष्ट्राने तर त्या जागी विठ्ठलाचे चित्र काढले. संतांच्या दृष्टीतील ते प्रेम खरेच आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते. आपला कार्यकर्ता वस्तीत जातो, हार घालतो आणि ‘बुद्ध आमचाच’ असे भाषण करतो, तेव्हा समोरचे मुकाट का बसतात, याचा विचार आपण केला आहे का? १६ डिसेंबर १९३९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील हरेगावला महार वतनाच्या प्रश्नावर परिषद झाली आणि तिला बाबासाहेब आले होते. गावाची सारी कामे जन्माने अंगावर पडायची आणि बदल्यात तुटपुंजी वतनजमीन. ही पद्धत संपवणारा कायदा यायला १९५८ उजाडले. ज्यांचे आजोबा त्या वेठीत राबले, त्यांना ‘आमचाच’ हा शब्द कसा ऐकू येत असेल? त्यांनी धर्मांतर का केले, हे आपण त्यांच्या तोंडून ऐकलेले नसते. आपण केवळ त्यावर मत दिलेले असते.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की वक्ता म्हणून नव्हे, श्रोता म्हणून जा. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि त्या काळात अनेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. प्रारंभी मेणबत्ती आणि उदबत्ती लावून पालीत त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहण्याचे हे पाच नियम. ते कोणी लादत नाही, प्रत्येक जण स्वतःहून स्वीकारतो. मूर्तीपुढे नवस नसतो आणि मागणेही नसते. बायाबापड्या पांढरी वस्त्रे नेसून येतात, शाळकरी मुलगी ग्रंथ वाचते, म्हातारी माणसे मान डोलावतात. पादत्राणे बाहेर काढावीत आणि मागच्या रांगेत बसावे. वाचन संपल्यावर चहा आला तर घ्यावा आणि कोणी विचारले, ‘कसे काय येणे केले?’, तर ऐकायला आलो, असे सांगावे.