घर, ऊन आणि वारा



घर थंड राखणें म्हणजे यंत्र बसविणें, अशी समजूत अलीकडे फार दृढ झाली आहे. वस्तुतः त्या यंत्राचें काम वाढणार कीं कमी होणार, हें घराचा नकाशा मंजूर होतो त्या दिवशींच बव्हंशीं ठरून जातें.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या संस्थेनें गरिबांचीं घरें पाडलीं त्या मानानें बांधलीं नाहींत, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु समुद्रावरचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून तिनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढले, आणि उजेडासाठीं ६३.५ अंशांचा नियम लावला. टॅन्जंटचें कोष्टक ज्यांनीं शाळेंत कंटाळून मिटलें असेल त्यांच्यासाठीं सांगतों : या कोनाचें टॅन्जंट जवळजवळ २ येतें. म्हणजे समोरची भिंत ५० फूट उंच असेल, तर मध्यें निदान २५ फूट मोकळी जागा हवी. हेतु रोगनिवारणाचा होता. पण ज्या खोलींत दिवसा दिवा लावावा लागत नाहीं, तेथें विजेचीहि बचत होतेच.

आतां उन्हाकडे वळूं. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारीं थेट माथ्यावर येतो. त्यामुळें उन्हाळ्यांत दक्षिणेची भिंत फारशी तापत नाहीं. हिवाळ्यांत तो दक्षिणेकडे झुकतो, तेव्हां त्याला अडविण्यास साधा छज्जा पुरतो. पश्चिमेची गोष्ट निराळी. तिसऱ्या प्रहरीं किरण तिरपे होऊन छज्जाखालून सरळ आंत घुसतात, आणि त्या वेळीं हवाहि तापलेली असते. सकाळचें ऊन तितकेंच तिरपें, पण हवा रात्रभर निवालेली. म्हणून लांब भिंती दक्षिणोत्तर तोंडाच्या असाव्या. पश्चिमेस जिना, व्हरांडा किंवा झाड असावें. तेथें आपण आज कांचेची भिंत उभारतों आणि मग तिला पडदे लावतों! हा व्यवहार मला कधींच उमगला नाहीं.

सरकारचें लक्ष इकडे गेलें नाहीं असें नव्हे. व्यापारी इमारतींसाठीं २००७ सालीं व निवासासाठीं २०१८ सालीं संहिता निघाल्या. निवासाच्या 'इको निवास संहिते'त छप्पर वगळून भिंती-खिडक्यांतून आंत येणाऱ्या उष्णतेला, आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत, दर चौरस मीटरला १५ वॅट अशी मर्यादा आहे. छपराचा हिशेब वेगळा ठेविला आहे. अगदीं वरच्या मजल्यावर राहणारांनीं गच्चीला पांढरा चुना द्यावा. त्याला कोणत्याहि संहितेची वाट पाहावी लागत नाहीं.

नवी सदनिका दाखविण्यास बहुधा सकाळीं नेतात. त्या वेळीं पश्चिमेची खोली मोठी प्रसन्न दिसते. तीच खोली मे महिन्यांत दुपारीं चार वाजतां पाहण्याचा आग्रह धरावा, आणि भिंतीला हात लावून पाहावा.