मंडईच्या कोपऱ्याचे फोटो

मागच्या वेळी आपण पापडाच्या हिशेबाचं बोललो. आज जरा वेगळं, फोटोंचं.

दिवाळीआधी फराळ विकायला आम्ही गटातल्या सातजणी पुण्याला गेलो होतो. मुक्काम एका ताईंच्या मामेसासऱ्यांकडे, मंडईजवळ. रात्री जेवणं झाल्यावर आबांनी बिस्किटाचा जुना डबा उघडला. आत सगळे फोटो मंडईच्या कोपऱ्याचे.

पहिल्यात दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा आणि पुढे बैलगाड्या. विजेची एकही तार नाही. ही मंडई उघडली १८८६ साली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. आता गंमत ऐका. नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. आणि पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच!

दुसऱ्या फोटोत टिळकांचा पुतळा दिसतो. तो १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवला. म्हणजे फोटोवर तारीख नसली तरी तो १९२४ नंतरचा, हे कळतं. ही युक्ती आम्हाला फार आवडली. पुढच्या फोटोंत रिक्षा आल्या, तारांची जाळी आली. घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. आणि सकाळी आम्ही मोबाइलवर काढलेल्या फोटोत मेट्रोची पाटी आहे. खालचं भुयारी स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं.

पण आम्ही पाहत बसलो ते भलतंच. जवळजवळ प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला, अर्ध्या कापलेल्या, बायका बसलेल्या. पुढ्यात पाटी, डोक्यावर पदर. फोटो काढणारा आला होता इमारतीसाठी, पुतळ्यासाठी. या बायका आपोआप आल्या. त्यांची नावं आबांनाही ठाऊक नव्हती.

हे सांगायचं कारण आमच्या तालुक्यातलं आहे. स्टँडच्या कोपऱ्यावर आमच्या गटातल्या नऊजणी भाजी विकतात. कित्येकींच्या सासवा तिथेच बसायच्या. उन्हाळ्यात तिथून उठायला सांगितलं गेलं. आम्ही म्हटलं, आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या बसतोय. साहेब म्हणाले, पुरावा? आमच्याकडे तागडी होती, पुरावा कुठला असणार!

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे आणि तो नगरपरिषदेलाही लागू आहे. जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्री चालत आली आहे, तो पारंपरिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याच्या परिशिष्टात आहे. पण पन्नास वर्षं दाखवायची कशी?

पुण्याहून परतल्यावर आम्ही ट्रंका उपसल्या. बहुतेक फोटो बारशाचे नि लग्नाचे, स्टुडिओत काढलेले, काही कामाचे नाहीत. मग एका वहिनींच्या माहेरी वरातीचा फोटो सापडला. नवरदेव घोड्यावर, मागे स्टँडचा कोपरा, आणि घोड्याच्या पायाशी मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या आमच्या एकीच्या सासूबाई! लग्नपत्रिका १९७१ ची, तीही मिळाली. नवरदेव आता नातवंडांत रमलेत. त्यांनी लेखी सही दिली.

दोन्हींच्या प्रती अर्जाला जोडल्यात. निर्णय व्हायचाय.

तोवर तुम्हीही घरातले फोटो काढून बघा, माणसांच्या मागे काय दिसतंय ते. म्हाताऱ्या माणसांना विचारून फोटोच्या पाठीमागे जागा, साल आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईचंही नाव लिहा. पेनने नको, शाई पुढे उमटते. शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने.