स्टेंटनंतरच्या गोळ्या आणि बायकांचा रक्तस्राव



 मंचेरियल म्हणजे तेलंगणातला गोदावरीकाठचा खाणपट्टा. प्राणहितेवर पूल झाल्यापासून पलीकडच्या महाराष्ट्रातल्या सिरोंच्याकडचे रुग्णही सहज इकडे येतात. २०१६ साली मंचेरियल स्वतंत्र जिल्हा झाला, २०२२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी इथल्या अनेकांना स्टेंट बसतो तो वरंगल, हैदराबाद नाहीतर नागपूरला. तिथले काम तास-दोन तासांचे. पुढे वर्षभर रुग्ण सांभाळायचा तो आपण इथल्या डॉक्टरांनी. म्हणून आज मी अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्यांवर बोलणार आहे, आणि विशेष करून बायकांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांवर.

स्टेंटची जाळी रक्तवाहिनीच्या अस्तराने झाकली जाईपर्यंत तिच्यावर प्लेटलेट चिकटून गुठळी होण्याची भीती असते. त्यासाठी अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलर. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर सहा महिने. मनाने गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बंद पडून जीव जाऊ शकतो. गरजेपेक्षा जास्त काळ चालू ठेवल्या तर पोटात, क्वचित मेंदूत, रक्तस्राव होतो, आणि मोठ्या रक्तस्रावानेही माणसे दगावतात. सगळा निर्णय या दोन धोक्यांच्या मधला.

याच पेचावरच्या ट्वायलाइट या औषध-चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिच्यात भारतातलेही रुग्ण होते. तीन महिने दोन्ही गोळ्या निभावलेल्या ७,११९ जणांपैकी निम्म्यांची अ‍ॅस्पिरिन थांबवून फक्त टिकाग्रेलर चालू ठेवली. पुढच्या वर्षभरात दखल घेण्याजोगा रक्तस्राव ७.१ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, आणि हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू वाढले नाहीत. नंतर स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे काढले, तेव्हा बायकांमध्ये रक्तस्राव जास्त दिसला: ६.८ टक्के, पुरुषांमध्ये सुमारे ५. पण वय, रक्तक्षय, मूत्रपिंडाचे काम वगैरे जमेस धरल्यावर हा फरक बराच ओसरला. अ‍ॅस्पिरिन थांबवण्याचा फायदा दोघांनाही जवळपास सारखाच झाला. या चाचणीत बायका होत्या जेमतेम चौथा हिस्सा, हेही विसरू नका. ज्यांच्यावर आपण औषध चालवतो, त्यांच्यावर ते पुरेसे तपासलेले नसते.

याचा अर्थ मी असा लावतो: बाई आहे म्हणून गोळ्या कमी करायच्या नाहीत, तिच्या अंगात रक्त किती आहे ते आधी पाहायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षयी स्त्रिया तेलंगणात ५७.६ टक्के होत्या, महाराष्ट्रात ५४.२. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की एवढ्यावरच रुग्ण रक्तस्रावाच्या मोठ्या धोक्यात धरला जातो. म्हणजे आपल्या भागातल्या कितीतरी बायका पहिली गोळी घेण्याआधीच त्या धोक्यात उभ्या असतात. त्यात वजन कमी. साठ किलोच्या खाली प्रासुग्रेलचा नेहमीचा डोस जड जातो, हे किती जण वजनकाट्यावर उभे करून पाहतात? मला जास्त भीती वाटते ती उलट्या चुकीची. ‘बायकांना रक्तस्राव होतो’ एवढेच ऐकून कोणी औषधच हात राखून दिले, तर आधीच उशिरा दवाखान्यात पोचलेल्या बाईवर दुसरा अन्याय होईल.

आणखी दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पाळी चालू असलेल्या बाईला या गोळ्यांनी अंगावरून जास्त जाऊ लागते. ती ते पुरुष डॉक्टरला सांगत नाही, घरातही बोलत नाही. गोळी तेवढी सोडून देते. पहिल्याच भेटीत विचारले आणि ‘जास्त जाऊ लागले तर गोळी सोडू नका, आधी आमच्याकडे या’ असे सांगितले, तर जीव वाचतो. दुसरी गोष्ट गुडघेदुखीची. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक या गोळ्यांवर पडली की पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. जठर सांभाळायला पॅन्टोप्राझोल द्या. क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल टाळा, त्याने तिचा परिणाम कमी होतो.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, रुग्ण बोलणार तेलुगू नाहीतर मराठी. कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत, हे रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्या. तारीख ठाऊक नसेल तर ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना फोन करून विचारा. आज इथून परत गेलात की तुमच्याकडे स्टेंटनंतर येणाऱ्या प्रत्येक बाईचे हिमोग्लोबिन, वजन आणि क्रिएटिनिन तपासा, आणि ते आकडे तिच्या कागदावर लिहा, ही माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे.