मक्याचा मुटका



चीन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाताचे पातेले येते. दक्षिण चीनपुरते ते खरे आहे. उत्तर चीन मात्र पिठावर जगतो, आणि तिथले पीठ बहुधा वाफेवर शिजते.

त्यातला मानाचा पदार्थ म्हणजे गव्हाचा मान्थोउ. आंबवलेल्या जुन्या कणकेचे विरजण लावायचे, आंबटपणा मोडण्यासाठी थोडा खार घालायचा आणि वाफेवर फुगवायचे, की पांढराशुभ्र, लुसलुशीत गोळा तयार होतो. गरिबाच्या वाट्याला मात्र येई तो मक्याचा वोथोउ.

मका अमेरिकेतला, सोळाव्या शतकात तो चीनमध्ये पोचला. आपल्या ज्वारीप्रमाणे त्याच्या पिठालाही गव्हाचा चिवटपणा नाही, म्हणून तो मान्थोउसारखा फुगत नाही. जाड मुटका वाफवावा तर मध्यभाग कच्चा राहण्याची भीती. यावर तोड अशी, की मुटक्याला शंकूचा आकार द्यायचा आणि बुडातून अंगठ्याने पोकळी करायची. वाफ आतूनही लागते आणि सरपण वाचते. 'वो' म्हणजे घरटे. त्या पोकळीवरूनच हे नाव पडले.

१९०० साली परकी सैन्ये पेकिंगमध्ये शिरली तेव्हा राजमाता त्सु-शी पळाली. वाटेत भुकेपोटी तिने वोथोउ खाल्ला आणि तो तिला अमृतासारखा लागला, अशी आख्यायिका आहे. पुढे राजवाड्यातील आचाऱ्यांनी बारीक पीठ व साखर घालून इवलेसे वोथोउ केले म्हणतात. पेकिंगच्या बेहाई उद्यानात १९२५ साली निघालेल्या उपाहारगृहाची त्यासाठी आजही ख्याती आहे.

पण ज्यांना रोज तेच खावे लागले, त्यांना विचारा! १९५५ पासून शहरांत धान्याची कुपने आली. 'बारीक' धान्य मोजके मिळे; उरलेले पोट 'भरड्या' धान्याने भरावे लागे. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात तर कोट्यवधी माणसे मेली. खेड्यापाड्यांत वोथोउसुद्धा दुर्मिळ झाला. ती कुपने १९९३ साली संपली. आज तोच वोथोउ प्रकृतीला हितकर म्हणून शहरी लोक हौसेने खातात. पोकळीत खारवलेली भाजी भरतात.

नातू हौसेने मागतो त्याच पदार्थाने आजोबांच्या घशाशी येते, असे एकाच ताटाभोवती घडू शकते. नातवाला मान्थोउ केव्हाही मिळतो. आजोबांना तो मिळत नव्हता. कोणत्याही अन्नाला गरिबाचे म्हणून हिणवण्यापूर्वी, किंवा पौष्टिक म्हणून गौरवण्यापूर्वी, ते खाणाऱ्याला दुसरे काही मिळत होते काय, हे आपण विचारावे.