जुन्या पिस्तुलाचे अल्पखर्ची जतन

सीताबर्डीच्या लढाईत नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ साली कन्हान नदीच्या काठी कामठी येथे इंग्रजांची छावणी वसली. त्यामुळे या परिसरातील एखाद्या जुन्या घरात पिस्तूल निघाले, तर ते भोसल्यांच्या काळचे असू शकते, तसेच ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाचेही असू शकते. अशी पिस्तुले बहुधा ठासणीची असतात, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासली जाते. चकमकीच्या पिस्तुलात गारगोटीच्या ठिणगीने रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, पेटते आणि तिची आग नळीच्या कानातून, म्हणजे मागच्या बारीक छिद्रातून, आत पोहोचते. कंपनीच्या पिस्तुलाच्या चापपट्टीवर पुष्कळदा मुकुट धरलेला उभा सिंह कोरलेला आढळतो, आणि घोड्यावरून गज निसटू नये म्हणून तो फिरत्या कडीने नळीला जोडलेला असतो.

कायद्याची बाजू आधी समजून घेतली पाहिजे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या वा मोडक्या शस्त्राला मिळणारी सूट ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे होणार नसेल तरच लागू होते. म्हणून शस्त्राच्या स्थितीविषयी शंका असल्यास पोलीस ठाण्यात विचारूनच पुढे जावे. येथे विवेचन आहे ते जतनाचे, शस्त्र चालते करण्याचे नव्हे.

पहिले काम कोणताही खर्च न लागणारे, परंतु सर्वांत निकडीचे आहे. नळीत लाकडी काडी टेकेपर्यंत सरकवून तोंडाशी खूण करावी आणि तीच काडी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काडीचे टोक कानापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी अडकलेले आहे, आणि काळी दारू कित्येक दशकांनीही पेट घेऊ शकते, हे लक्षात घेऊन पिस्तूल तेथेच ठेवावे व जाणकाराला बोलवावे.

जुन्या पिस्तुलाचे सर्वाधिक नुकसान काळाने होत नाही, चमक आणण्याच्या हौसेने होते. गंज एकाच जातीचा नसतो: नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज सक्रिय असतो आणि लोखंड खात राहतो, तर गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर बहुतांशी स्थिर असतो आणि त्याच्याच अंगात कारागिराचा ठसा टिकून राहिलेला असतो. चिंच, लिंबू किंवा पॉलिश पेपरने हा भेद राहत नाही. आम्लाने गंज जातो, पण त्याबरोबर लोखंडाचा पृष्ठभागही जातो, आणि काही दिवसांतच उघडे पडलेले लोखंड पुन्हा गंजते. त्यापेक्षा गंजलेल्या जागी शिवणयंत्राचे पातळ तेल लावून दोन-चार दिवस थांबावे आणि मग बांबूच्या किंवा पितळेच्या चपट्या कामटीने नारिंगी भाग तेवढा खरवडावा. लोखंडापेक्षा पितळ मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. हे काम सावकाशीचे आहे, आणि गरीब संग्राहकाजवळ वेळ हेच भांडवल असल्यामुळे ते त्याला परवडते.

स्क्रू न सोडवता भागत असेल, तर ते सोडवू नयेत. जुने स्क्रू हाताने आटे पाडलेले असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसेलच असे नाही; काढावेच लागले, तर पुठ्ठ्यावर पिस्तुलाची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी ते टोचून ठेवावेत. लाकडी दस्त्याला विदर्भात सहज मिळणारे जवसाचे तेल अगदी पातळ हाताने चालते. जाड थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून टाकू नये, कारण जवसाचे तेल हवेत वाळताना उष्णता सोडते आणि ती चिंधी आपोआप पेटू शकते.

नळीवर नव्याने निळसर-काळा मुलामा चढवण्याचा मोह अनेकांना होतो. हा मुलामा म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. तो चढवण्यासाठी आधी पृष्ठभाग घासून साफ करावा लागतो, म्हणजे मूळचे कोरीवकाम आणि कोफ्तगरी, अर्थात लोखंडात ठोकून बसवलेली सोन्याची तार, यांना धक्का पोहोचतो. विक्रेत्याला तो फायद्याचा वाटला, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने असे पिस्तूल निम्मे गेलेले असते. १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. जुन्या लोखंडाचा रंग कसा असतो हे तेथे डोळ्यांनी पाहून मगच आपल्या वस्तूला हात लावणे उचित ठरेल.

शस्त्र कातड्याच्या म्यानात न ठेवता स्वच्छ सुती कापडात गुंडाळावे, कारण कमावलेल्या कातड्यातील आम्ले व क्षार लोखंडाला बाधतात; नदीकाठच्या पावसाळी हवेत त्याच्याजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी वाळवाव्यात. खंडेनवमीला शस्त्रावर हळद-कुंकू, पाणी आणि फुले वाहण्याची चाल आहे, आणि हा ओलावा पूजेनंतर न पुसल्यास तो दिवाळीपर्यंत गंजाचा ठिपका पाडतो. तेव्हा पूजा पाटावरच्या वस्त्राची करावी, शस्त्र शेजारी कोरडे ठेवावे आणि ते उचलण्यापूर्वी हात पुसावेत.