अस्मानी संकट आणि आपली तयारी

जयपूर येथे महासंघाच्या अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल प्रतिनिधींपुढे रेल्वे संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण



आजचा विषय वाचून काही प्रतिनिधींनी आम्हाला विचारले, की पूर, भूकंप, ऊन यांचा युनियनशी संबंध काय? बोनस, पेन्शन, रिकाम्या जागा हे आपले प्रश्न. बाकीचे सरकार बघेल. आमचे उत्तर सरळ आहे. धो धो पाऊस सुरू झाला की सगळे जग घरात शिरते आणि आपला ट्रॅकमन कंदील घेऊन लाइनवर जातो. पाणी ओसरले की पहिली गाडी कधी सुटणार, टपाल कधी येणार, हे लोक आपल्यालाच विचारतात. संकटात जो सर्वांत पुढे उभा असतो, त्याने तयारीचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा?

आपल्याकडे अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द आहेत. अस्मानी आपल्या हातात नाही. पण जीव जातात ते पुष्कळदा अस्मानीवर सुलतानीची भर पडते म्हणून. ही भर कमी करणे आपल्या हातात आहे.

ज्या शहरात आपण बसलो आहोत त्याचेच उदाहरण घ्या. राजस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. जयपूरला वर्षाचा पाऊस सरासरी साठ-पासष्ट सेंटीमीटर. पण जुलै १९८१ मध्ये इथे एका दिवसात सुमारे ३२ सेंटीमीटर पाऊस झाला. वर्षाचा निम्मा पाऊस एका दिवसात! शहराच्या पश्चिमेकडून जाणारा अमानीशाहचा नाला म्हणजे मूळची द्रव्यवती नदी. नदीला नाला म्हटले की माणूस तिच्या पात्रात घर बांधायला घाबरत नाही. पण नदी आपली वाट विसरत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये शहर पुन्हा बुडाले. ऑगस्ट २०२० मध्ये डोंगरउतारावरून वाहून आलेल्या वाळू-मातीत मोटारी गाडल्या गेल्या. ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीला कारखान्यांच्या भागात एका घराच्या तळघरात पाणी शिरून तीन जीव गेले. तळघरात कोण राहतो? ज्याला वरचे भाडे परवडत नाही तो. म्हणून हा गरिबाचा आणि कामगाराचा प्रश्न आहे.

भूकंपाचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. गणेश विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. त्या वेळच्या नकाशात लातूरचा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. ती भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे तर ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली मेली. ते दगड एकमेकांत नीट बांधलेले नव्हते. भिंतींना कोपऱ्यात जोड देणारे लांब दगड नव्हते, वरून फिरणारा पट्टा नव्हता. जयपूरही कमी धोक्याचे समजले जात होते, तरी २१ जुलै २०२३ च्या पहाटे अर्ध्या तासाच्या आत तीन धक्के बसले. नकाशा पाहून निर्धास्त राहू नये, हा किल्लारीचा धडा आहे.

आता आपल्या लाइनकडे येऊ. २३ नोव्हेंबर १९५६ रोजी तामिळनाडूत अरियलूरजवळ पुराने पुलाचा आधार गेला आणि गाडी नदीत कोसळली. सुमारे दीडशे प्रवासी मेले. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. ती जबाबदारीची जाणीव होती, पण पूर त्यानंतरही येत राहिले. २९ ऑक्टोबर २००५ रोजी आंध्रात वलीगोंडा येथे तलाव फुटला, पाण्याने लाइन उचलली आणि शंभरावर प्रवासी गेले. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री हरदाजवळ माचक नदीच्या छोट्या पुलावर मुंबईहून निघालेली कामायनी एक्स्प्रेस घसरली आणि काही मिनिटांतच समोरून आलेली जनता एक्स्प्रेसही. तीसच्या आसपास माणसे गेली.

यातील दोन ठिकाणे बघा. तिथे मोठी नदी नव्हती, मोठा पूल नव्हता. मोठ्या पुलाकडे सगळ्यांचे लक्ष असते. घात करतो तो छोटा पूल, मोरी आणि लाइनच्या वरच्या अंगाला असलेला गावतलाव. तो तलाव रेल्वेच्या हद्दीत नसतो, म्हणून रेल्वेच्या वहीतून सुटतो आणि गावाच्या वहीत लाइन नसते. कीमन आणि गावचा सरपंच यांनी पावसाळ्याआधी एकदा एकत्र तलाव पाहिला, तर जे कागदाने होत नाही ते होईल.

२७ जुलै २०१९ ची महालक्ष्मी एक्स्प्रेस तुम्हाला आठवत असेल. उल्हास नदीचे पाणी चढले आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये गाडी अडकली. सुमारे हजार प्रवासी होते. गाडीतून उतरू नका, असे त्यांना सांगितले गेले. पथके बोटी घेऊन पोहोचली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. योग्य सूचना आणि वेळेवर मदत मिळाली तर काय होते त्याचा हा दाखला.

पावसाळी गस्त हा आपल्या खात्याचा जुना आणि शहाणा नियम आहे. गस्तवाल्याला धोका दिसला तर तो ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके लावून गाडी थांबवतो. हे काम करणारा माणूस अंधारात, सापाकिरड्यांत, एकटा चालतो. त्याला चांगला टॉर्च, रेनकोट, गमबूट आणि चालू स्थितीतला फोन हवा. एका माणसाकडून दोन माणसांची बीट चालवून घेऊ नये. ही मागणी सुखसोयीची नाही, गाडीतल्या हजार प्रवाशांच्या जिवाची आहे.

उन्हाकडे आपण संकट म्हणून पाहतच नाही, कारण ते आवाज करत नाही. १९ मे २०१६ रोजी याच राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदले गेले. उन्हात रुळाचे तापमान हवेपेक्षाही बरेच चढते. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तो तीस अंशांनी तापला, तर सुमारे ३४ सेंटीमीटर लांबतो. जोडलेल्या लांब रुळाला लांबायला जागा नसते. तो जोर गिट्टी धरून ठेवते. अशा वेळी गिट्टी हलवली तर लाइन वाकडी होते. म्हणूनच कडक उन्हात काही कामे करायची नाहीत, असा नियम आहे. रुळाला जपायचा नियम आहे, तसाच रुळावर वाकलेल्या माणसालाही जपायचा हवा. भर दुपारी सायकलवर बीट करणारा पोस्टमन आणि खेड्यापाड्यांत टपाल पोहोचवणारा ग्रामीण डाकसेवक यांचेही तेच.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० हून अधिक जादा मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला. आधी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी, कामाच्या वेळा बदलणे, एवढीच साधी कलमे. आपल्या सभा-मोर्चांनाही हा विचार लागू आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर दुपारच्या कार्यक्रमानंतर चौदा माणसे दगावली. यापुढे उन्हाळ्यात आपले मेळावे सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी घ्यावेत, अशी आमची सूचना आहे.

विजेबद्दल थोडेसे. ११ जुलै २०२१ ला इथून जवळच, आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून दहाहून अधिक माणसे मेली. पाऊस बघायला आणि फोटो काढायला ती उंचावर गेली होती. गडगडाट ऐकू आला की उंच जागा, एकटे झाड, लोखंडी खांब सोडावा आणि पक्क्या इमारतीत जावे. पुण्याच्या हवामान संस्थेने काढलेले दामिनी हे मोबाइलवरचे साधन आसपासच्या विजेचा इशारा देते. ते मोफत आहे.

तयारीने खरोखर फरक पडतो का? ओडिशाकडे बघा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने निवाऱ्याच्या पक्क्या इमारती बांधल्या, गावागावांत स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. समुद्र तोच होता, वाराही जबरच होता. बदलली होती ती माणसांची तयारी.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असला पाहिजे आणि जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपल्या जिल्ह्याचा आराखडा आपल्यापैकी किती शाखांनी मागून वाचला आहे? त्यात आपल्या वसाहतीचे नाव आहे का, हे एकदा बघा.

म्हणून शाखांनी पुढील कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवतो.

एक, मे महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील धोक्याच्या जागांची यादी करावी आणि ती लेखी देऊन पोच घ्यावी. मोऱ्या, तलाव, सुटलेल्या दरडी, गळक्या क्वार्टर्स, कमकुवत पोस्टऑफिसे, सर्व काही त्यात यावे.

दोन, टपाल बांधवांनी आपल्या बीटमधील एकटे वृद्ध, अपंग, अंथरुणाला खिळलेली माणसे लक्षात ठेवावीत. पोस्टमनला जेवढी घरे माहीत असतात तेवढी कुठल्याही साहेबाला नसतात. बचाव पथक आले की ही माहिती सोन्याची ठरते.

तीन, प्रत्येक ठिकाणी दहा जणांना प्रथमोपचाराचे शिक्षण मिळावे. उन्हाने कोसळलेल्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये आणि ताबडतोब दवाखान्यात हलवावे. एवढे सर्वांना माहीत हवे.

चार, उन्हाळ्यात कामाच्या वेळा, सावली, थंड पाणी आणि पावसाळ्यात गस्तीची पुरेशी माणसे हे विषय प्रत्येक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर कायम असावेत.

पाच, घरी एक पिशवी तयार ठेवावी. तीत सर्व्हिसची व बँकेची कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये, रोजची औषधे, टॉर्च, थोडी रोकड, पाण्याची बाटली, सुके खाणे असावे. ११२ हा सर्वांसाठीचा आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर मुलांनाही पाठ हवा. आपण ड्यूटीवर असताना घरच्यांनी कुठे जमायचे, हेही आधी ठरलेले असावे. घरची काळजी मिटली तरच कामगार लाइनवर निश्चिंत उभा राहतो.

बंधू-भगिनींनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या आजोबांनी सांगून ठेवले आहे. संकटात धावून जाण्यात आपला कामगार कधी मागे राहिला नाही आणि राहणारही नाही. पण धावून जाणारा सुखरूप घरी परतला पाहिजे, यासाठी संघटना आहे. इथून गेल्यावर पहिल्याच शाखा सभेत धोक्याच्या जागांची यादी करायला घ्या, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!